अप्पर, डिप्पर आणि सात इंचांचा कायदा

अमेरिकेतली रात्र फार काळी असते, असे पुण्याला सांगितले तर कुणाला खरे वाटत नाही. सिनेमात दिसते ती न्यूयॉर्कची रात्र. आम्ही राहतो त्या मिशिगनमध्ये गावाची हद्द संपली की रस्त्यावरचे दिवे संपतात. मग पुढचे दहा-बारा मैल दोन्ही बाजूंना मक्याची शेते, मधूनमधून झाडी आणि दोन लेनचा रस्ता. टपरी नाही, धाबा नाही, सायकलवाला नाही. जे काही दिसायचे ते आपल्या गाडीच्या दोन दिव्यांत. त्यात पुन्हा हरणे! या एका राज्यात दरवर्षी पन्नास हजारांवर गाड्या हरणांना धडकतात. त्यातल्या पुष्कळशा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सूर्य मावळल्यावर किंवा उगवण्याआधी.

आमचे चिरंजीव सोळा वर्षांचे झाले आणि इथल्या रिवाजाप्रमाणे त्यांना गाडी लागली. पलीकडच्या गावात एका दुकानात तो काम करतो, रात्री साडेनऊला सुटतो आणि वर सांगितलेल्या रस्त्याने घरी येतो. त्याच्यासाठी घेतलेली गाडी १९९८ सालची, चौकोनी तोंडाची छोटी एसयूव्ही. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, जाणकार तोंडावरून ओळखतील. इंजिन ठणठणीत, पत्रा बरा, पण दिवे लावले की देवघरातली समई बरी असे वाटावे. मुलाने तीन मिनिटांत उपाय शोधला. तीस डॉलरला एलईडी बल्बची जोडी, खोक्यावर लिहिलेले "२०,००० लुमेन". "बाबा, फक्त बल्ब काढायचा आणि हा घालायचा." सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "हेच ते. हेच रोज रात्री माझ्या डोळ्यांत घुसतात." ती त्याच रस्त्याने बुटक्या सेदानमधून कामावरून येते आणि डॉक्टरांनी तिला मोतीबिंदूची सुरुवात सांगितली आहे. समोरून उंच पिकअप आला की दोन-तीन सेकंद तिला रस्त्याची कडच दिसत नाही.

म्हणजे एकाच घरात, एकाच रस्त्यावर, एकाला जास्त प्रकाश हवा आणि दुसरीला कमी. दोघांचेही म्हणणे खरे. गंमत म्हणजे मोटारीच्या दिव्यांचा अमेरिकेतला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे हेच भांडण आहे, आणि आमच्या गाडीचे दिवे मिणमिणते का याचे उत्तरही त्यातच आहे. तर जरा मागे जाऊ.

पहिल्या मोटारींना ॲसिटिलीनचे दिवे असत. कार्बाइडवर पाण्याचे थेंब पाडायचे, गॅस निघतो, तो पेटवायचा. आपल्याकडे जत्रेत फेरीवाले वापरत तोच प्रकार. पुढे गॅस दाबून नळकांड्यात भरून विकायची टूम निघाली. इंडियानापोलिसच्या प्रेस्ट-ओ-लाइट कंपनीने त्यावर अमाप पैसा केला. तिचा एक मालक कार्ल फिशर हा १९०९ साली इंडियानापोलिसचा प्रसिद्ध शर्यतीचा ट्रॅक बांधणाऱ्यांतला प्रमुख. म्हणजे आज ज्या ट्रॅकवर इंडी ५०० होते, त्याच्या पायात दिव्यांचा पैसा आहे. १९१२ च्या कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र आणले आणि गॅसचे दिवस भरले. फोर्डच्या मॉडेल टीला १९१५ पासून विजेचे दिवे आले खरे, पण ते थेट मॅग्नेटोवर चालत. इंजिन जोरात तर दिवा जोरात, इंजिन हळू तर दिवा मंद. अंधाऱ्या वळणावर वेग कमी करावा तर नेमका तेव्हाच दिवा डोळे मिटणार!

दिवा विजेचा झाल्यावर समोरच्याचे डोळे दिपू लागले आणि मग "डिप्पर"चा शोध लागला. १९२४ साली जर्मनीत ओसरामने बिलक्स नावाचा बल्ब काढला. एकाच बल्बमध्ये दोन तारा, एक लांबचा प्रकाश टाकणारी, दुसरी खाली. आपल्या ट्रकांच्या पाठीवर "यूज डिपर ॲट नाइट" लिहिलेले असते त्याची आजी ती.

पण दिवा नवा असतानाच चांगला. रिफ्लेक्टर म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला पत्रा. त्यात धूळ शिरे, ओल शिरे, मुलामा काळा पडे. बल्ब बदलताना किंचित तिरका बसला की प्रकाश झाडावर. शिवाय लोक मनाला येईल तो मोठा बल्ब घालत (म्हणजे आमच्या चिरंजीवांची परंपरा जुनी आहे), आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. एकोणीसशे तिसाच्या दशकाच्या शेवटी वाहन कंपन्या, दिवे बनवणारे आणि राज्यांचे अधिकारी यांनी मिळून यावर जो तोडगा काढला त्याला मी मनापासून दाद देतो. त्यांनी बल्बच रद्द केला. काचेचा रिफ्लेक्टर, त्यावर निर्वात पोकळीत चढवलेला ॲल्युमिनियमचा थर, आत नेमक्या जागी बसवलेल्या दोन तारा, पुढे काचेची भिंग, आणि हे सगळे वितळवून कायमचे बंद. संपूर्ण दिवाच एक मोठा बल्ब. हा "सील्ड बीम". व्यास ७ इंच, प्रत्येक गाडीला दोन. १९४० च्या मॉडेलांपासून अमेरिकेतल्या सगळ्या गाड्यांना तो आला.

यातली लोकशाही बघण्यासारखी आहे. कॅडिलॅकवाल्या शेठजीला आणि जुन्या फोर्डातून बटाटे नेणाऱ्या शेतकऱ्याला एकच दिवा. धूळ आत शिरत नाही, मुलामा काळा पडत नाही. दिवा गेला तर कुठल्याही गावातल्या पेट्रोलपंपावर दोन-चार डॉलरांत नवा मिळणार, आणि नवा लावला की गाडी कितीही जुनी असो, प्रकाश कोऱ्या गाडीसारखा. मोठा बल्ब घालायची सोयच नाही, कारण बल्बच नाही. महायुद्धातल्या जीपनाही सील्ड बीमच होते. त्या जीपचे दिवे बिजागरीवर उलटे फिरवून रात्री इंजिनवर प्रकाश टाकता येई. तीच जीप स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रांनी जुळवायला घेतली आणि तिच्याबरोबर ७ इंची गोल दिवाही आपल्याकडे स्थिरावला.

युरोपने हा मार्ग घेतला नाही. त्यांनी बदलता येणारा बल्ब ठेवला आणि डोके लढवले ते प्रकाशाच्या आकारावर. बिलक्सच्या खालच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. ती अर्धा प्रकाश अडवते, त्यामुळे डिप्परच्या प्रकाशाला वर सरळ कड मिळते, जणू पट्टीने रेघ मारली. कडेच्या वर अंधार, खाली उजेड. १९५७ पासून त्या रेघेला एका बाजूने १५ अंशांचा चढ द्यायला परवानगी मिळाली. रस्त्याच्या आपल्या कडेवरची माणसे आणि पाट्या लांबून दिसाव्यात आणि समोरच्याला त्रास होऊ नये म्हणून. अमेरिकी डिप्परला अशी रेघ नव्हती. प्रकाश वर सांडत असे. त्याचे समर्थन असे की रस्त्याच्या वर टांगलेल्या मोठाल्या हिरव्या पाट्या वाचायला तो लागतो. खोलात जाऊन बघितले तर दोन स्वभाव दिसतात. युरोप म्हणतो, आधी समोरच्याचे डोळे सांभाळा. अमेरिका म्हणते, आधी मला दिसू दे. आमच्या घरात सौ. युरोप आणि चिरंजीव अमेरिका.

(आपल्याकडे तिसराच मार्ग होता. लहानपणी एसटीच्या आणि ट्रकच्या दिव्यांवर काळा रंग फासलेला आठवतो. कुठे वरचा अर्धा भाग, कुठे मधोमध रुपयाएवढा ठिपका. पण त्या जुन्या दिव्यांत भिंगाचा प्रत्येक तुकडा जवळजवळ संपूर्ण झोतालाच हातभार लावतो. त्यामुळे अर्धी काच रंगवून वरचा अर्धा झोत जात नाही, सगळाच झोत थोडा मंद होतो. हेतू सौ.च्या बाजूचा, अंमलबजावणी पोलीसखात्याची. असो.)

अमेरिकेची अडचण अशी झाली की त्यांनी चांगला दिवा शोधला आणि मग तो कायद्यात चिणून टाकला. १९५७-५८ मध्ये पावणेसहा इंची चार दिव्यांना परवानगी मिळाली, एवढाच बदल. १९६६ साली वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला आणि त्याखालचे १०८ क्रमांकाचे मानक १ जानेवारी १९६८ पासून लागू झाले. आता राज्याराज्यांच्या संमतीचे रूपांतर केंद्राच्या हुकुमात झाले. सील्ड बीम, ठरलेल्या मापाचा, आणि पुढे काचेचे झाकण वगैरे काही नको. जॅग्वार ई-टाइपच्या दिव्यांवरची ती सुरेख काच अमेरिकेसाठी काढावी लागली. सित्रोएन डीएसला १९६७ पासून स्टिअरिंगबरोबर वळणारे दिवे होते, वळणावर आधी प्रकाश वळायचा आणि मग गाडी. अमेरिकेत आलेल्या डीएसला ते काढून साधे स्थिर सील्ड बीम बसवावे लागत. आणि ते उघडझाप करणारे "पॉप-अप" दिवे, ज्यांच्यावर आम्ही कॉलेजात फिदा होतो, तेही बऱ्याच अंशी या कायद्याचे अपत्य. गाडीचे नाक घसरगुंडीसारखे हवे आणि दिवा मात्र ठरलेल्या आकाराचा, ठरलेल्या उंचीवर हवा. मग करता काय? झाकणाखाली लपवा आणि रात्री वर काढा.

दरम्यान १९६२ साली युरोपात हॅलोजनचा पहिला बल्ब, एच१, गाड्यांत आला आणि १९७१ साली दोन तारांचा एच४. अमेरिकी गाडीच्या सगळ्या अप्परांचा मिळून प्रकाश ७५,००० कँडेलांच्या वर जाता कामा नये असा नियम होता. तो १९७८ साली १,५०,००० झाला आणि मग हॅलोजनचे सील्ड बीम आले. मधल्या काळात इथल्या शौकीन मंडळींनी युरोपातून सिबिए आणि हेला कंपन्यांचे एच४ दिवे आणून गुपचूप बसवले. ७ इंची गोल दिव्याच्या जागी ७ इंची गोल दिवा, मागचा तीन पायांचा प्लगही तोच. पोलिसाच्या लक्षात येण्याची शक्यता कमी. "आफ्टरमार्केट" दिव्यांचा इथला धंदा वाढला तो असा. चैनीच्या आधी लोकांना हवे होते ते पलीकडच्या खंडातल्या माणसाला रात्री जेवढे दिसते तेवढे दिसणे.

मग हा चाळीस वर्षांचा कायदा मोडला कसा? मला वाटले होते, कुणीतरी अपघातांची आकडेवारी मांडली असेल. तसे नाही. तो मोडला पेट्रोलने. १९७३ च्या तेलटंचाईनंतर गाड्यांनी गॅलनमागे किती मैल दिले पाहिजेत याचे सरकारी नियम आले. कंपन्या हवेचा विरोध कमी करायच्या मागे लागल्या आणि नाकावरचे सपाट दिवे आड येऊ लागले. १९८१ साली फोर्डने अर्ज केला, १९८३ साली तो मंजूर झाला आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनला गाडीच्या आकारात मिसळून गेलेले, प्लॅस्टिकच्या काचेचे, बदलत्या बल्बचे दिवे आले. त्यातला नवा बल्ब, ९००४ नावाचा, प्रकाशाच्या दृष्टीने एच४ पेक्षा निकृष्ट होता. तारा आडव्या, वाटीचा आडोसा नाही. पण गाडी देखणी दिसत होती. प्लॅस्टिक उन्हाने पिवळे पडते हे दहा वर्षांनी सगळ्यांना कळले. काचेचा सील्ड बीम कधी पिवळा पडला नव्हता. आणि जो दिवा पूर्वी पेट्रोलपंपावर मिळे, त्याच्या जागी आज नव्या गाडीचा एलईडी दिवा फुटला तर हजार डॉलरांच्या पुढे बिल येते. १९४० ची लोकशाही त्या दिवशी संपली.

कायद्याने जुने मात्र रद्द केले नाही, नव्याला परवानगी दिली एवढेच. म्हणून आमच्या गाडीसारख्या काही स्वस्त आणि कणखर गाड्या नव्वदच्या दशकाच्या शेवटापर्यंत चौकोनी सील्ड बीम लावून कारखान्यातून बाहेर पडत राहिल्या. २०० बाय १४२ मिलिमीटर मापाचा, एच ६०५४ क्रमांकाचा. अप्परला ६५ वॉट, डिप्परला फक्त ३५. शेजारी एच४ बल्ब ठेवून बघा, त्याचा डिप्पर ५५ वॉट आणि सुमारे १,००० लुमेन.

आता चिरंजीवांच्या २०,००० लुमेनकडे येऊ. आधी सांगायचे म्हणजे सील्ड बीममध्ये बल्ब नसतोच, त्यामुळे "काढायचा आणि घालायचा" हे शक्य नाही. आधी बल्ब बसणारे कवच घ्यावे लागते. पण खरा मुद्दा दुसरा आहे. रिफ्लेक्टरची प्रत्येक वक्रता एका गृहीतावर मोजलेली असते, की मध्यावर सुमारे पाच मिलिमीटर लांबीची बारीक तार नेमक्या एका बिंदूपाशी जळते आहे. तिथे तारेऐवजी चपट्या पट्टीवर दोन बाजूंना चिकटवलेले एलईडी आले, तर प्रकाश निघतो वेगळ्या जागेतून आणि वेगळ्या दिशांना. रिफ्लेक्टर बिचारा जुन्या हिशेबाने तो उडवत राहतो. जवळचा रस्ता पांढराशुभ्र उजळतो, त्यामुळे चालवणारा खूश. पण जवळ उजेड वाढला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचे उलट कमी दिसते. उरलेला प्रकाश कडेच्या वर, म्हणजे सौ.च्या डोळ्यांत. नव्वदच्या दशकात झेनॉनच्या बाबतीत हेच झाले होते. १९९१ च्या बीएमडब्ल्यू ७ मालिकेत आणि अमेरिकेत १९९६ च्या लिंकन मार्क एटमध्ये झेनॉन दिवे आले, ते त्यासाठीच घडवलेल्या कवचांत. लगेच बाजारात हॅलोजनच्या कवचात बसवायचे झेनॉन किट आले. ३५ वॉटमध्ये ३,२०० लुमेन, मग कोण सोडतो? २००१ मध्ये इथल्या वाहनसुरक्षा खात्याने डोळे दिपण्याबद्दल लोकांची मते मागवली तर हजारोंनी पत्रे आली. असले किट नियमात बसूच शकत नाहीत असे खात्याने स्पष्ट सांगितले. तरी ते विकले जात राहिले.

मग कारखान्यातून आलेले दिवे तरी चांगले का? २०१६ साली विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या संस्थेने २१ छोट्या एसयूव्हींचे दिवे प्रत्यक्ष रस्त्यावर मोजले. "उत्तम" शेरा एकालाही मिळाला नाही. चार गाड्यांना "ठीक", बारा गाड्यांना सरळ "वाईट". सगळे दिवे कायद्यात पास! कारण १०८ क्रमांकाचे मानक दिवा प्रयोगशाळेतल्या घोडीवर ठेवून मोजते. तो गाडीवर किती उंचीवर बसणार आणि कुठे रोखलेला असणार याची त्या मोजणीला फारशी पर्वा नाही. उंचीला २२ ते ५४ इंच अशी ऐसपैस मुभा. एकाचा दिवा दुसऱ्याच्या गुडघ्याशी आणि तिसऱ्याचा दुसऱ्याच्या नाकाशी, तिघेही कायदेशीर.

हे सगळे जेवणाच्या टेबलावर दोन रात्री सांगून झाल्यावर आम्ही कामाला लागलो. आधी मल्टीमीटर. इंजिन चालू, अप्पर लावलेला. बॅटरीवर १४.० व्होल्ट, दिव्याच्या प्लगवर १२.३. मधले १.७ व्होल्ट गेले कुठे? या गाडीत दिव्याचा सगळा करंट बॅटरीतून डॅशबोर्डवरच्या स्विचपर्यंत, तिथून स्टिअरिंगखालच्या अप्पर-डिप्परच्या स्विचमधून परत पुढे, बारीक वायरींतून आणि पंचवीसेक वर्षांच्या गंजलेल्या जोडांतून जातो. तारेच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. दहा टक्के व्होल्टेज कमी म्हणजे तीस टक्के प्रकाश कमी. आमच्या आकड्यांनी हिशेब केला तर आम्ही मूळच्याच मंद दिव्याचा जेमतेम दोन-तृतीयांश वापरत होतो. मुलाने स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघितले आणि गप्प झाला. माझ्या मते त्या आठवड्यातली ही सर्वांत मोठी घटना.

उपाय सोपा. दोन रिले, एक अप्परचा, एक डिप्परचा. बॅटरीच्या धन टोकापासून फ्यूज घालून जाड वायर रिलेच्या ३० नंबरच्या पायाला, ८७ मधून दिव्याला, आणि जुना प्लग फक्त ८५-८६ वरच्या गुंडाळीला. म्हणजे जुन्या स्विचांनी नुसता हुकूम द्यायचा, ओझे नव्या वायरींनी वाहायचे. अर्थची वायर पत्र्याला न लावता थेट बॅटरीच्या ऋण टोकाला नेली, कारण इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात आणि पत्र्यावरचा जोड किती दिवस टिकेल सांगता येत नाही. प्रत्येक जोडात ग्रीस. शनिवारची सकाळ गेली. प्लगवर आता १३.७.

दिवा कुठला घ्यावा यावर मात्र चर्चा झाली. याच मापाचे पूर्ण एलईडी दिवे मिळतात. कवच, भिंग आणि एलईडी एकत्र घडवलेले, कायदेशीर शिक्क्याचे, आणि त्यातले काही खरोखर चांगले आहेत. मी ते नाकारले ते हिवाळ्यामुळे. एलईडीची उष्णता मागच्या बाजूला जाते, पुढची काच थंड राहते आणि तिच्यावर बर्फ साचून बसतो. हॅलोजन आपल्याच उष्णतेने काच मोकळी ठेवतो. शेवटी काचेच्या भिंगाचे, एच४ च्या अमेरिकी भावंडाचे म्हणजे ९००३ बल्बचे, अमेरिकी शिक्क्याचे कवच घेतले. जोडी आणि बल्ब मिळून शंभर डॉलरच्या आसपास. पुण्याहून धाकट्या भावाने विचारले होते, "दादा, इकडे एच४ चे दिवे ढिगाने मिळतात, पाठवू का?" त्याला सांगितले की नको. भारतात आपण डावीकडून चालतो, म्हणून तिथल्या दिव्याचा तो १५ अंशांचा चढ डावीकडे असतो. इथे तो बरोबर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाईल.

बसवण्यापेक्षा जास्त वेळ रोखण्यात गेला, आणि तो जायलाच हवा. सपाट जागा, चाकांत नेमकी हवा, अर्धी टाकी पेट्रोल, चालकाच्या जागी चिरंजीवांच्या वजनाचे कुणीतरी (चिरंजीव). गॅरेजच्या दारापासून २५ फूट. दिव्याचा मध्य जमिनीपासून ३३ इंच, म्हणून दारावर ३३ इंचांवर एक चिकटपट्टी आणि त्याखाली २ इंचांवर दुसरी. प्रकाशाची कड खालच्या पट्टीवर. २५ फुटांत २ इंच उतार म्हणजे कड रस्त्याला टेकते सुमारे ४१० फुटांवर. ताशी ५५ मैलांवर दीड सेकंद प्रतिक्रियेचा आणि पुढे ब्रेकचा धरला तर गाडी थांबायला २६० फूट लागतात. म्हणजे हरणाशी बोलणी करायला थोडी जागा उरते. आता हाच दिवा एक अंश वर झाला तर? दारावर फक्त सव्वापाच इंचांचा फरक. पण दीडशे फुटांवर ती कड जमिनीपासून ५२ इंचांवर पोचते, आणि सेदानमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे असतात साडेतीन-पावणेचार फुटांवर. स्क्रूचे काही वेढे, बस्स. महागडे दिवे लावून जे हे करत नाहीत त्यांच्याबद्दल सौ.चे मत छापण्याजोगे नाही.

अप्पर लावूनही समोरच्याचे डोळे वाचवता येतील का, हा जुना प्रश्न आता यंत्राने सुटतो. दिव्यात पुष्कळ वेगवेगळे एलईडी, काचेमागे कॅमेरा, आणि समोरची गाडी दिसली की तेवढ्या तुकड्यापुरताच अंधार. बाकी रस्ता अप्परमध्येच. युरोपात अशा गाड्या २०१० च्या दशकापासून धावत आहेत. अमेरिकेत १०८ क्रमांकाच्या मानकात दिवा एकतर अप्पर किंवा डिप्पर, मधले काही नव्हते. टोयोटाने २०१३ साली अर्ज केला. परवानगी मिळाली फेब्रुवारी २०२२ मध्ये, तीही युरोपपेक्षा वेगळ्या आणि कडक चाचणीसह. त्यामुळे ते दिवे घेऊन समुद्रापलीकडून आलेल्या कित्येक गाड्यांत ही सोय बंद करून ठेवलेली होती. पेट्रोल वाचवायचा फोर्डचा अर्ज दोन वर्षांत निघाला होता. डोळे वाचवायच्या अर्जाला नऊ लागली.

ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी आहे त्यांनी दिवे विकत घेण्याआधी एकदा मल्टीमीटर लावून बघावा. इंजिन चालू, अप्पर लावलेला, आधी बॅटरीवर आणि मग प्लगवर, दिवा जोडलेला असतानाच. एका व्होल्टपेक्षा जास्त फरक निघाला तर आधी वायरींवर खर्च करा. जुने दिवेही टाकू नका. आमचे दोन्ही सील्ड बीम जुन्या टॉवेलात गुंडाळून गॅरेजच्या फळीवर ठेवले आहेत, अजून चालतात.